जरब कशाने बसते?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा. वाटेत घाट नाही, टोलनाका नाही, समोर एकही गाडी नाही असे घटकाभर धरून चालू. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा पाळणारी मोटार हे अंतर ५७ मिनिटांत कापेल. ताशी १२०ने जाणारी साडेसत्तेचाळीस मिनिटांत. म्हणजे सतत लेन बदलत, पुढच्याला डिपर मारून बाजूला सारत, डावीकडून घुसत गेलेल्या माणसाच्या पदरात जास्तीत जास्त साडेनऊ मिनिटे पडतात. प्रत्यक्षात बोरघाट, ट्रकांच्या रांगा आणि टोल यांत त्यातलीही बरीचशी विरून जातात.

आता दुसरा हिशेब. रस्ता कोरडा आहे, ब्रेक उत्तम आहेत, चालक सावध आहे. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी १०० वेगाने तेवढ्यात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला तिला आणखी सुमारे ५५ मीटर लागतात. एकूण ९७. ताशी १२०च्या गाडीला थांबायला १२९ मीटर हवेत. हे जास्तीचे ३२ मीटर फारसे वाटत नाहीत. पण जिथे पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते, नेमक्या त्या जागी दुसरी अजून ताशी ७७ किलोमीटरने धावत असते. तिथे बंद पडलेला ट्रक उभा असेल, तर पहिल्या गाडीतली माणसे घाबरून खाली उतरतील आणि घरी फोन करतील. दुसऱ्या गाडीतल्यांबद्दल तसे सांगता येत नाही.

धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेले असते. रस्त्यावरचा परिणाम त्याहूनही तीव्र असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते: एखाद्या रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. तरीही हे गणित समजावून सांगून माणसे गाडी हळू चालवू लागतात, असे फारसे दिसलेले नाही. आक्रमकपणे गाडी चालवणाऱ्याला धोका ठाऊक नसतो हा गैरसमज आहे. त्याला तो ठाऊक असतो. तो आपल्या वाट्याला येणार नाही, याची मात्र त्याला खात्री असते, आणि ही खात्री त्याला रस्त्यानेच दिलेली असते.

ती कशी येते ते जरा बारकाईने पाहायला हवे. रोजच्या चौकातला सिग्नल माणूस पहिल्यांदा तोडतो तेव्हा छातीत धडधडते. काही होत नाही. दुसऱ्यांदा धडधड कमी होते. महिनाभराने तो लाल दिव्याकडे बघतसुद्धा नाही, आणि कुणी हटकलेच तर खरोखर चकित होतो, कारण त्याच्या लेखी तो हक्क झालेला असतो. एका माणसाच्या आयुष्यात गंभीर अपघात ही विरळा घटना असते. त्यामुळे राँग साइडने हजारदा जाऊन सुखरूप पोचलेला माणूस स्वतःला बेफिकीर समजत नाही, कुशल समजतो. अनुभव सहसा माणसाला शहाणे करतो. इथे तो त्याला रोज थोडे थोडे खोटे शिकवतो. त्यात रागाची भर पडते. दुसऱ्याने कट मारला की तो उर्मट, आपण मारला की आपल्याला घाई होती, असा निवाडा काचेआडून क्षणात होतो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नाव माहीत नसते, पुन्हा गाठ पडणार नसते. जिन्यात किंवा लग्नाच्या पंगतीत जो माणूस कुणाला कधी ढकलणार नाही, तोच पुढच्या गाडीच्या बंपरपासून दहा मीटरवर ताशी १००ने चालतो. एवढ्या अंतरावर त्याच्या हाती सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो.

आपल्या कायद्यात या वागण्याला जागा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालन येते. २०१९च्या दुरुस्तीने त्यात कोणकोणत्या गोष्टी मोडतात तेही स्पष्ट लिहिले: सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून चालवणे, नियम डावलून ओव्हरटेक करणे, वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी घालणे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अतिवेगासाठी कलम १८३, शर्यतीसाठी १८९. शिवाय लायसन्स निलंबित करण्याचे अधिकार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितले होते की अतिवेग, सिग्नल तोडणे, मोबाइल, दारू या गुन्ह्यांसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. कायद्याच्या पुस्तकात उणीव आहे असे म्हणायला फारशी जागा नाही.

तरी माणसे मरत आहेत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. दहातले सात मृत्यू सरकारी नोंदीत अतिवेगाच्या खात्यावर आहेत. या नोंदीबद्दल एक सांगायला हवे. अपघातानंतरचा फॉर्म भरताना ‘अतिवेग’ हे सगळ्यात सोयीचे कारण असते. वळणाचा चुकीचा उतार, दिवा नसलेला दुभाजक, रस्त्याकडेला रात्रभर उभा असलेला ट्रक, यांची नावे त्या रकान्यात क्वचित येतात. म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण त्यातला काही भाग वजा केला तरी उरतो तो भयंकरच आहे.

१ सप्टेंबर २०१९पासून देशभर दंड अनेक पटींनी वाढले. काही राज्यांनी ते लगेच कमी केले. महाराष्ट्राने अंमलबजावणी लांबवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर लागू केले. २०१९ साली देशात १,५१,११३ मृत्यू झाले होते. २०२२चा आकडा वर दिलाच आहे. मधल्या काळात गाड्या वाढल्या, रस्ते वाढले, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून दंडवाढ फसली असा निकाल देणे घाईचे होईल. पण वाढीव दंडाने रस्त्यांवर धाक बसला, असे तर कुणीच म्हणू शकणार नाही.

याचे कारण शोधायला अडीचशे वर्षे मागे जावे लागते. चेझारे बेकारिया या मिलानच्या तरुण विचारवंताने १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचा मुख्य मुद्दा असा की माणसाला गुन्ह्यापासून रोखायचे तर शिक्षा क्रूर असून भागत नाही. ती नक्की मिळणारी आणि लवकर मिळणारी असावी लागते. हा विचार रस्त्याला जितका लागू पडतो तितका बहुधा दुसऱ्या कशालाच पडत नसेल. खून करणारा आयुष्यात एकदा करतो. लेन तोडणारा एका प्रवासात पन्नास वेळा तोडतो, आणि पन्नास वेळा त्याला उत्तर मिळते की कुणाचे लक्ष नाही. दहा हजारांचा दंड लाखात एकाला होणार असेल तर त्याच्या मनात त्याची किंमत शून्यच असते. पाचशे रुपयांचा दंड दहातल्या तिघांना, आठवड्याच्या आत होणार असेल तर तो पुढच्या फेरीत वेगाच्या काट्याकडे बघतो.

पोलिसांनी नेमके काय केले म्हणजे शिक्षेची ही खात्री निर्माण होते, याचा एक फार चांगला प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे, आणि तो पोलीस ठाण्याच्या नोटीस बोर्डावर लावावा इतका उपयोगी आहे. २०१० नंतरच्या एक-दोन वर्षांत राजस्थान पोलिसांनी रात्री दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली. तिची आखणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, डॅनिएल केनिस्टन आणि नीना सिंग यांनी केली होती. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नीना सिंग या राजस्थान केडरच्या आयपीएस अधिकारी, पुढे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. पोलीस ठाणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निरनिराळ्या गटांत वाटली गेली. काही ठाण्यांनी नाकाबंदी दरवेळी एकाच जागी लावायची होती, आणि ती जागा हद्दीतली सगळ्यात मोक्याची, सगळ्यात जास्त वाहने जाणारी होती. काही ठाण्यांनी तीन जागा ठरवून आलटून पालटून नाके लावायचे होते. उरलेल्या ठाण्यांत काहीच जादा करायचे नव्हते.

कुठल्याही अनुभवी हवालदाराला विचारले असते तर त्याने मोक्याच्या जागेला मत दिले असते. तिथे गाड्या जास्त, म्हणून पकडले जाणारेही जास्त. निकाल उलटा आला. फिरत्या नाक्यांच्या ठाण्यांत रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागी ठाण मांडलेल्या नाक्यांचा अपघातांवर म्हणण्यासारखा परिणामच दिसला नाही. कारण साधे होते. प्यायलेल्या चालकांना नाका कुठे आहे ते चटकन कळले, आणि ते आडरस्त्याने जाऊ लागले. नाका फिरता झाला की आज कुठला रस्ता मोकळा आहे ते सांगता येईना. पोलीस तेवढेच होते, तास तेवढेच होते. बदलली ती फक्त चालकाच्या मनातली खात्री.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट दिसली आणि तिची चर्चा कमी होते. काही ठिकाणी नाक्यावर ठाण्यातलेच पोलीस होते, तर काही ठिकाणी पोलीस लाइनीतून खास पथके आणली होती आणि त्यांच्या गाड्यांवर जीपीएसने लक्ष ठेवले जात होते. खास पथकांचे काम अधिक नेमाने झाले. ठाण्यातला शिपाई दिवसभर बंदोबस्त, तपास, समन्स, मिरवणूक करून रात्री नाक्यावर उभा राहतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाहतुकीचे काम उरलेल्या वेळात उरकायचे काम मानले की त्याचा दर्जाही उरलासुरलाच राहतो.

मुंबईकरांना या सगळ्याचा थोडा अनुभव आहे. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७पासून मद्यपी चालकांविरुद्ध नाकाबंदी आणि श्वासतपासणी नेटाने चालवली, लायसन्स निलंबित झाली, काहींना थेट कोठडीत जावे लागले. आज मुंबईत पार्टीला जाणारा माणूस परत कसे यायचे ते आधी ठरवतो, टॅक्सी बोलावतो किंवा न पिणाऱ्या मित्राच्या हाती किल्ली देतो. हे त्याच्या सद्‌बुद्धीने सुरू झाले असे नाही. आधी भीती आली, मग सवय आली, आणि आता त्यात प्रतिष्ठाही आली आहे. तोच माणूस त्याच रात्री रिकाम्या रस्त्यावर ताशी ११०ने गाडी हाकायला मात्र कचरत नाही, कारण त्या बाबतीत त्याची पोलिसांशी अशी गाठ कधी पडलेली नसते.

आता द्रुतगती मार्गाकडे येऊ. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ माणसे मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी मिळून हा मार्ग मृत्युमुक्त करण्याचा प्रकल्प हाती घेतला. पुढच्या सात-आठ वर्षांत मृत्यूंचा आकडा निम्म्याहून खाली आला. याचे सगळे श्रेय पोलिसी कारवाईला देणे चुकीचे ठरेल. धारदार टोकांचे कठडे बदलले गेले, उघडे खडक आणि काँक्रीटचे ओटे झाकले गेले, जखमींना लवकर दवाखान्यात नेण्याची सोय सुधारली. पण त्याबरोबर वेग मोजणाऱ्या यंत्रांसह पोलीस उभे राहिले, आणि कडेच्या पट्ट्यावर ट्रक लावून झोपणाऱ्यांवर कारवाई झाली. मागून येऊन उभ्या ट्रकवर आदळणे हे या मार्गावरच्या मरणाचे एक मोठे कारण होते. त्यात एकाची बेपर्वाई आणि दुसऱ्याचा वेग असे दोघांचे गुन्हे मिळालेले असतात.

जुलै २०२४पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. तिचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. जुन्या पद्धतीत पोलीस एका जागी स्पीडगन घेऊन उभे राहत. ते दिसले की ब्रेक, मागे पडले की पुन्हा अॅक्सिलरेटर. समोरून येणारे दिवे लुकलुकवून इशारा देत आणि ‘मामा उभे आहेत’ हा निरोप कॅमेऱ्याच्या आधी पोचे. दिसणाऱ्या पोलिसाचा प्रभाव काही किलोमीटरच टिकतो, हे जगभर आढळले आहे. नव्या यंत्रणेत रस्त्यावर आडव्या कमानी आहेत आणि दोन कमानींमधला सरासरी वेगही काढला जातो. समजा दोन कमानींमध्ये १० किलोमीटर अंतर आहे. ताशी १००च्या मर्यादेत ते कापायला किमान सहा मिनिटे लागली पाहिजेत. एखादी गाडी पाच मिनिटांत पोचली तर तिने मधे कुठे ब्रेक मारला, कुठे नाही, याला महत्त्व उरत नाही. तिचा सरासरी वेग १२० होता हे घड्याळाने सांगितले. कमानीखाली सभ्य होण्याचा फायदा संपला. फ्रान्सने २००३च्या अखेरीस स्वयंचलित वेगकॅमेरे लावायला सुरुवात केली. २००१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे आठ हजार माणसे मेली होती; २००६ मध्ये ही संख्या पाच हजारांच्या खाली गेली. राष्ट्राध्यक्षांनी रस्ता सुरक्षेला जाहीरपणे प्राधान्य दिले होते आणि दंड माफ करून घेण्याच्या जुन्या वाटा बुजवल्या होत्या, हेही त्यामागे होते.

आपल्याकडे गाडी अडते ती या शेवटच्या टप्प्यावर. चलान निघते, वसूल होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला नियम १६७अ म्हणतो की कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत गेली पाहिजे, आणि कॅमेरा असलेल्या टप्प्याआधी ठळक फलक असला पाहिजे. प्रत्यक्षात मोबाइलवर संदेश येतो, तो न वाचता पुसला जातो, जुन्या नंबरवर जातो, गाडी विकलेल्या मालकाला जातो. थकबाकी साचत राहते. मग ती उरकण्यासाठी सवलती येतात. तेलंगणने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत चलानांवर ७५ टक्के सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम माफ केली, तेव्हा भरायला रांगा लागल्या. आपल्याकडे लोक लोकअदालतीची वाट बघतात. तिजोरीच्या दृष्टीने हे बरे असेल, पण यात एक अन्याय आहे जो मला फार डाचतो: ज्याने वेळेवर पूर्ण दंड भरला तो मूर्ख ठरला. पुढच्या वेळी तोही थांबेल. सवलतीने पैसे आले, पण ज्या खात्रीसाठी कॅमेरे बसवले ती खात्रीच तिने खाल्ली.

दुसऱ्या बाजूच्या तक्रारीही खोट्या नाहीत. मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध आंदोलने केली, तेव्हा त्यांचे काही मुद्दे रास्त होते. वेगमर्यादा अचानक उतरते आणि फलक झाडामागे असतो. उताराला भरलेला ट्रक एकदम हळू करणे धोक्याचे असते. एकाच फेरीत अनेक चलाने लागतात आणि मालक ती चालकाच्या पगारातून कापतो. कारवाई न्याय्य दिसली नाही तर माणसे वेग कमी करत नाहीत, फक्त पोलिसांचा द्वेष करतात. सिग्नल तोडणाऱ्या मोठ्या गाडीला सोडून मागच्या दुचाकीवाल्याची पावती फाडली, तर त्या चौकात उभ्या असलेल्या पन्नास जणांना जे शिक्षण मिळते ते पुसायला वर्षभराची मोहीम पुरत नाही.

जनजागृतीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे जानेवारी येतो. आधी रस्ता सुरक्षा सप्ताह असे, आता महिना असतो. शाळांत घोषवाक्य स्पर्धा, चौकात फलक, हेल्मेट न घातलेल्याला गुलाबाचे फूल. ही कामे करणारे पोलीस आणि शिक्षक मनापासून करतात. पण उपदेशाने वेग कमी होतो याचा पुरावा फार क्षीण आहे. जगात जिथे जनजागृतीने काम केले, तिथे तिचा विषय वेगळा होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये कुठल्याही चालकाला, संशय नसतानाही, थांबवून श्वासतपासणी सुरू केली. त्याबरोबर धडाक्याने जाहिराती केल्या, आणि त्यांचा रोख एकच होता: तुम्हाला कुठेही, केव्हाही थांबवले जाईल. प्राणघातक अपघात सुमारे पाचव्या हिश्शाने घटले आणि घट टिकली. ज्यांना कधी थांबवले गेले नाही त्यांनाही आपण थांबवले जाऊ असे वाटू लागले. जाहिरातीने पोलिसांची संख्या लोकांच्या मनात वाढवली.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २००५ मध्ये ट्रकांभोवतीच्या आक्रमक वाहनचालनासाठी असेच केले. मोटारी ट्रकच्या अगदी पुढे घुसतात, मागे चिकटतात. ट्रकचालकाला त्या दिसतही नाहीत. महामार्गाचे दोन पट्टे निवडले, तुलनेसाठी दोन तसेच सोडले. निवडलेल्या पट्ट्यांवर फलक आणि रेडिओवरून एकच गोष्ट सांगितली: ट्रकपासून अंतर ठेवा, नाहीतर दंड होईल. पोलीस काही वेळा ट्रकच्या केबिनमध्येच बसले आणि तिथून घुसणाऱ्या गाड्या पुढच्या पथकाला कळवू लागले. निवडलेल्या पट्ट्यांवर नियमभंगाचे प्रमाण २३ ते ४६ टक्क्यांनी उतरले. ‘सुरक्षित गाडी चालवा’ हे सांगणे आणि ‘ट्रकच्या पुढे घुसू नका, आज आम्ही ट्रकमध्ये बसलो आहोत’ हे सांगणे, यांत केवढा फरक आहे! दुसऱ्या वाक्यात काय करायचे नाही, कुठे करायचे नाही आणि केल्यास काय होईल ते सगळे आहे. आपल्या बोरघाटात हे सहज करता येईल. तिथे डाव्या लेनमध्ये राहण्याचा नियम मोडून अवजड गाड्या तिन्ही लेन अडवतात, आणि त्यांच्या मधून मोटारी नागमोडी काढल्या जातात. दोन्हीकडचे चालक एकमेकांना दोष देतात.

शिक्षणाचा उपयोग होतो, पण ते योग्य वेळी मिळाले तर. ब्रिटनमध्ये मर्यादेच्या थोडे वर सापडलेल्या चालकाला दंड आणि लायसन्सवरचे गुण यांऐवजी काही तासांच्या वर्गाला बसता येते. २०१८ साली सरकारने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की या वर्गाला बसलेल्या लोकांचे पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा सापडण्याचे प्रमाण, दंड भरणाऱ्यांच्या तुलनेत, स्पष्टपणे कमी होते. नुकताच पकडला गेलेला माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. आपल्या दुरुस्त कायद्यातही निलंबित लायसन्स परत मिळण्याआधी उजळणी प्रशिक्षणाची तरतूद आहे. ती कागदावरून आरटीओच्या वर्गात आणली पाहिजे. मात्र शिक्षण हे परिणामाच्या जागी येऊ शकत नाही. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, आणि गाडी चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले. त्यावर उसळलेला संताप केवळ त्या एका आदेशावर नव्हता. रस्त्यावरचे मरण आपल्याकडे किती स्वस्तात मिटते, हे लोकांना त्या दोन शब्दांत, निबंध आणि जामीन, एकदम दिसले.

पोलीस सगळीकडे असू शकत नाहीत. पण प्रत्येक बसमध्ये, प्रत्येक वडाप जीपमध्ये, ट्रॅव्हल्सच्या प्रत्येक गाडीत साक्षीदार बसलेले असतात, आणि ते गप्प असतात. केनियात मटाटू नावाच्या चौदा आसनी गाड्या आपल्या वडापचेच काम करतात. त्या बेफाम चालतात म्हणून कुप्रसिद्ध. २००८च्या सुमारास जेम्स हाबियारिमाना आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी अशा काही गाड्यांच्या आत स्टिकर लावले. संदेश चालकासाठी नव्हता, प्रवाशांसाठी होता: चालक बेदरकार चालवत असेल तर बोला, ओरडा, तुमचा जीव आहे. स्टिकर जागेवर ठेवणाऱ्या चालकांसाठी सोडत ठेवली होती. स्टिकर लावलेल्या गाड्यांचे विम्याचे दावे निम्म्याने ते दोन-तृतीयांशाने घटले. इतक्या स्वस्त उपायाने इतका फरक पडल्याची उदाहरणे कमी आहेत. स्टिकरने प्रवाशांना नवी माहिती दिली नव्हती; बोलण्याची परवानगी दिली होती. एकटा बोलला तर इतर त्यालाच वेड्यात काढतील ही भीती प्रत्येकाला असते, आणि भिंतीवर लिहिलेले असले की ती उरत नाही. आपल्याकडे रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये चाळीस माणसे आपापल्या पडद्याआड जागी राहून देवाचे नाव घेत असतात. एकाने उठून ‘दादा, जरा हळू घ्या’ म्हटले तर एकोणचाळीस त्याच्या मागे उभी राहतील.

त्या चालकाबद्दलही बोलले पाहिजे. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. ट्रकवर, खासगी बसवर ती किती पाळली जाते ते सर्वांना माहीत आहे. फेरीवर पैसे मिळणार असतील, उशिरा पोचल्यास भाडे कापले जाणार असेल, तर पोलिसांची भीती आणि मालकाची भीती यांची तुलना तो चालक करतो आणि मालक जिंकतो. घाट उतरताना डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलला टाकला जातो, इंजिनचा आधार सुटतो, ब्रेक तापून निकामी होतात, आणि खोपोलीच्या बाजूला समोरच्या गाड्या चिरडल्या जातात. यावर महामार्ग पोलीस घाटमाथ्यावर थांबवून चालकांना समजावतात, ते चांगलेच आहे. पण डिझेलचा हिशेब ज्याच्या वहीत होतो त्याला कुणी घाटमाथ्यावर थांबवत नाही. चलानाची नोटीस मालकाकडे जातेच. वारंवार गुन्हे होणाऱ्या ताफ्याच्या परवान्यापर्यंत ती पोचली, तर चालकाला हळू जाण्याची मुभा मिळेल. घरपोच माल देणाऱ्या दुचाकीस्वारांचेही तसेच. मिनिटांचे वचन कंपनी देते, सिग्नल मुलगा तोडतो.

शासनाकडे आज सगळे आकडे आहेत. कुठल्या कमानीखाली किती गाड्या मर्यादेबाहेर गेल्या, किती चलाने निघाली, त्यांतली किती तीस दिवसांत भरली गेली, किती लायसन्स निलंबित झाली, कुठल्या वाहतूक कंपनीच्या गाड्या पुन्हा पुन्हा सापडल्या, त्या महिन्यात त्या टप्प्यावर किती माणसे मेली. धरणांतला पाणीसाठा वर्तमानपत्रांत रोज छापून येतो, बाजारभाव रोज येतात. द्रुतगती मार्गाचा हा तक्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जिल्ह्याजिल्ह्याच्या पानावर छापायला सुरुवात करावी, आणि पुढच्या वर्षी तो समृद्धी महामार्गासाठी, त्यानंतर मुंबई-गोवा महामार्गासाठी यावा. त्यात वसुलीचा रकाना पहिला असावा.